वानखेडेबाई, रायडर आणि माझे खडे

माझ्या मदतीला आल्या त्या वानखेडेबाई. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण मी बोलायला लागले की काय झालं, कसं झालं, मी किती घाबरले यातच वाहवत जाते, आणि ज्यांनी केलं त्यांचं नाव राहूनच जातं. काय झालं ते ओघात येईल. पोटाचं होतं, एवढं सध्या पुरे.

वानखेडेबाई मूळच्या नागपूरच्या. इथे सिंगापुरात, चोआ चू कांगला, आमच्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर, आमच्या दारापासून तिसरं दार त्यांचं. 'आमचं' म्हणजे खरं तर अदितीताई आणि निखिलदादांचं. मी त्यांच्याकडे कामाला. इकडे हेल्पर म्हणतात. आधी पुण्याला ताईंच्या आईकडे चार वर्षं होते, मग ताईंनी इकडे बोलावून घेतलं. गाव वडूजजवळ. शिक्षण सातवी. म्हणजे सातवीची परीक्षा द्यायची राहिली, पण वर्षभर वर्गात बसले होते, म्हणून सातवी म्हणते.

बाई पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या राहायच्या. घरात बुद्धाची छोटी मूर्ती, मूर्तीपुढे रोज ताजं फूल, आणि बाकी सगळीकडे कागद. सोफ्यावर कागद, फ्रीजवर कागद, वॉशिंग मशीनवर विटेखाली दाबून ठेवलेले कागद. कचेरी नोव्हेना नावाच्या भागात. तिथे जिकडे बघावं तिकडे हॉस्पिटलं आणि दवाखाने, पण बाई डॉक्टर नव्हत्या नि नर्सही नव्हत्या. त्यांचं काम लोकांची मतं गोळा करायचं. औषधपाण्याच्या नाहीतर विम्याच्या नियमांत काही बदल व्हायचा झाला, की बाईंची कचेरी लोकांना विचारत सुटायची, हे तुम्हाला पटतं का? आणि उत्तर कसंही देऊन चालायचं नाही. पाचातलंच एक द्यायचं. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.

वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं ते बाईंकडे बघून कळायचं. मी चहा नेऊन दिला आणि विचारलं, "बाई, कसा झालाय?" तर एक घोट घेऊन म्हणायच्या, "सहमत." आल्याचा असला तर "पूर्ण सहमत." एकदा साखर घालायची राहिली, तर बाई बराच वेळ कपात बघत बसल्या आणि म्हणाल्या, "तटस्थ." माणसाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर यायचं.

बाजारातसुद्धा तेच. रविवारी माझी सुट्टी, मग आम्ही दोघी मासे आणायला जायचो. मासेवाला चिनी अंकल पापलेट उचलून दाखवायचा आणि बाई त्याला इंग्रजीतून विचारायच्या, की तुमचा मासा ताजा आहे या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात? अंकल सुरा हातात धरून म्हणायचा, "आंटी, यू बाय ऑर यू नॉट बाय?" बाई मला म्हणायच्या, "पाहिलं? उत्तर टाळून राहिला. मासा कालचा आहे." आणि पुढच्या गाळ्यावर जायच्या. गंमत म्हणजे त्यांचं कधी चुकायचं नाही.

रविवारी सकाळी त्या तर्री-पोहे करायच्या. फोडणी पडली की सगळ्या कॉरिडॉरला ठसका लागायचा. मधल्या दारातल्या मलय आजी खिडकी लावून घ्यायच्या, आणि अर्ध्या तासानं त्याच खिडकीतून रिकामा डबा पुढे करायच्या.

स्वतःचं मत मात्र बाई कोणालाच सांगायच्या नाहीत. कशावरच नाही. निखिलदादांनी किती वेळा डिवचलं असेल. "वानखेडेमॅडम, जगाला विचारत फिरता, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते सांगा की एकदा!" बाई हात जोडायच्या. "मतपेटीले कोणी मत विचारते का बाप्पा? तिनं फक्त पोटात ठेवायचं."

आता रायडर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. मला बाईंनीच समजावलं होतं. इथे सरकारी विमा असतो, त्यावर लोक खाजगी विमा घेतात, आणि त्या खाजगी विम्याच्या डोक्यावर आणखी एक बसवतात, त्याला रायडर म्हणायचं. रायडर असला की हॉस्पिटलचं बिल कितीही येऊ दे, आपल्या खिशाला जवळजवळ हात लागत नाही. तर नियम बदलायचं चाललं होतं. इथून पुढे जे नवा रायडर घेतील त्यांनी बिलाचा पहिला घास स्वतः गिळायचा, मग विमा. त्या बदल्यात हप्ता कमी.

यावरून लोक इतके भांडले, इतके भांडले की बाईंच्या कचेरीला सुगीच आली. लिफ्टमध्ये रायडर, खाली कॉफीच्या दुकानात रायडर, आमच्या जेवणाच्या टेबलावर रायडर. बाराव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलकडे बाई प्रश्न घेऊन गेल्या, तर त्यांनी दोन तास बसवून घेतलं. नातवाची शाळा सांगितली, बायकोचे गुडघे सांगितले, तरुणपणी बोटीवर काम करत होते ते सांगितलं, संत्री दिली, आणि शेवटी रायडरबद्दल, इथल्या सवयीनं मागे 'लाह' लावून, म्हणाले, "आय डोन्ट नो, लाह." बाई खूश होऊन परत आल्या. "आज एक तरी प्रामाणिक माणूस भेटला. बाकी साऱ्यांना सारं माहीत आहे."

आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी दुपारी मराठी मंडळी जेवायला यायची. दादांचे मित्र, तांजोंग पगारच्या ऑफिसांतले. त्यात कंडोवाले, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत राहणारे, देशपांडे म्हणून एक होते. अशाच एका शनिवारी मी पुऱ्या तळत होते आणि बाहेर दादा तावातावानं बोलत होते. "अरे यार, विमा म्हणजे बुफे झालाय बुफे! पैसे भरलेत ना, मग घ्या ताट भरून. जरा पोटात दुखलं की निघाले ॲडमिट व्हायला. आणि एकानं ॲडमिट व्हायचं, प्रीमियम सगळ्यांचा वाढायचा!"

"अगदी बरोबर," देशपांडे म्हणाले. "अशा लोकांमुळेच आपली लागते." आणि मला हाक मारून त्यांनी आणखी दोन पुऱ्या मागवल्या.

मी पुऱ्या दिल्या आणि परत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. कारण मला जरा पोटात दुखत होतं. जरा म्हणजे, बरगडीखाली उजव्या बाजूला कोणीतरी पिळा मारतंय असं. तळलेलं खाल्लं की हमखास. पिळा पाठीतून खांद्यापर्यंत जायचा.

मी आधीच काळजीखोर. लिफ्टला वेळ लागला तर मला वाटतं, आता ही कायमची बंद. ताईंनी नुसतं "शालन, जरा बोलायचंय" म्हटलं तर मी मनातल्या मनात बॅग भरून मोकळी होते. वर्क परमिटवर आलेल्या माणसाला आजारपण शोभत नाही, हे मी पहिल्यापासून धरून चालले होते. घरी आई, नर्सिंगला घातलेली मुलगी. मी परत गेले तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार, माझ्यासारखं. त्यात आता हे नवीन कळलं. मी ॲडमिट झाले तर दादांचा प्रीमियम वाढणार. देशपांडेंचा वाढणार. बारावीतल्या, म्हणजे बाराव्या मजल्यावरच्या अंकलचा वाढणार. मला एकदम डोळ्यांपुढे सगळं सिंगापूर दिसलं, रांगेत उभं, आणि प्रत्येकाच्या हातात वाढलेलं बिल, आणि सगळे माझ्या पोटाकडे बघतायत.

ठरवलं, बोलायचं नाही. ओव्याचं पाणी प्यायचं आणि गप्प राहायचं. तीन महिने काढले तसे.

बाईंना कळलं ते असं. त्यांच्या कचेरीनं नवीन प्रश्नावली काढली होती आणि त्यांना ती कोणावर तरी घासून बघायची होती. माझं मत तसं चालणार नव्हतं, ते इथल्या कायमच्या लोकांचंच घ्यायचं. पण सरावाला कोणीही चालतं. रविवारी पोहे झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि एकदम अनोळखी आवाजात बोलायला लागल्या.

"नमस्कार. आपली उत्तरं पूर्ण गुप्त राहतील. सुरू करू?"

"बाई, मी शालन आहे."

"मले माहीत आहे तू शालन आहे. सरावात ओळख दाखवायची नसते. प्रश्न पहिला."

पहिले सात-आठ प्रश्न बरे गेले. नववा की दहावा असा होता, की गेल्या सहा महिन्यांत खर्चाच्या किंवा इतर कारणानं तुम्ही एखादं दुखणं अंगावर काढलं आहे का? हो की नाही?

मी म्हटलं, "तटस्थ."

बाईंची पेन्सिल थांबली. "या प्रश्नाले तटस्थ नाही. हो, नाहीतर नाही."

"मग असहमत."

"शालन."

"पुढचा प्रश्न विचारा ना बाई."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बावीस वर्षांत त्यांना हजारो लोकांनी खोटं सांगितलं असणार. कुठे बघत असतं माणूस खोटं सांगताना, हाताचं काय करतं, सगळं त्यांना पाठ. माझा हात बरगडीखाली होता.

मी सगळं सांगितलं. पिळा, ओव्याचं पाणी, परमिट, मुलगी. फक्त बुफेचं आणि प्रीमियमचं नाही सांगितलं, दादांची चहाडी केल्यासारखं झालं असतं. बाईंनी त्याच दुपारी मला डॉक्टरकडे नेलं, पुढच्या रविवारी पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. एकदोन नाही, डॉक्टर म्हणाले बरेच आहेत. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल, फार थांबू नका.

"ताईंना सांगू नका," मी बाईंना म्हटलं. तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर.

"मी कशी सांगीन?" बाईंचा चेहरा पडला होता. "हे मले प्रश्नावलीतून कळलं. उत्तरं पूर्ण गुप्त राहतील असं मीच म्हणाले. आता माझं तोंड शिवलं तूनं. तूच सांग."

"मी नाही सांगणार."

"मग बस आता दोघी."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, सराव होता तो, जाऊ दे. बाईंना ते जमेना. पण गप्प बसणंही जमेना. मग त्यांनी जे सुरू केलं ते आठवलं की टाके ओढले जावेत इतकं हसू येतं. त्या रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे यायच्या आणि ताईंना आडून आडून विचारायच्या.

"अदिती, पित्ताशय या अवयवाबद्दल तुझं काय मत आहे?"

ताई लॅपटॉपमधून डोकं वर काढायच्या. "पित्ताशय? म्हणजे... चांगलं असावं. का हो? नवीन सर्व्हे आहे का?"

"सहमत लिहू?"

"लिहा."

दुसऱ्या दिवशी, "अदिती, घरातलं एखादं माणूस ओव्याचं पाणी फार पिऊन राहिलं तर कुटुंबानं लक्ष द्यावं. कितपत सहमत?"

"अहो, आमच्याकडे ओवा संपतोच कसा इतक्या लवकर हेच मला कळत नाहीये," ताई म्हणाल्या. मी आत भांडी जोरात वाजवली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आरोहीला धरलं. आरोही म्हणजे ताईंची मुलगी, नऊ वर्षांची. बाईंनी तिला एक चित्र काढून दाखवलं, माणूस, माणसाच्या पोटात एक पिशवी, पिशवीत गोट्या. "हे कोण वाटते तुला?" आरोही म्हणाली, "आंटी, युअर ड्रॉइंग सो बॅड लाह." बाई हरल्या. जाताना दारात माझ्याकडे अशा काही बघून गेल्या की मला त्या रात्री पोटापेक्षा ते बघणंच जास्त दुखलं.

मग आला तो शनिवार.

मंडळी जेवायला जमली होती, देशपांडे पतिपत्नी होते, आणखी दोन जोडपी होती. रायडरवर नेहमीप्रमाणे जुंपली. दादा म्हणत होते नवीन नियम म्हणजे आमच्यासारख्या नियमित भरणाऱ्यांवर अन्याय. देशपांडे म्हणत होते योग्यच आहे, लोकांना शिस्त लागेल. आवाज इतका चढला की मलय आजींनी खिडकी लावून घेतली, आणि त्या दिवशी फोडणीही नव्हती.

बाई एरवी अशा वेळी कोपऱ्यात बसून फक्त ऐकायच्या. त्या दिवशी उठल्या. पदर खोचला. "मी मतं नोंदवते," त्या म्हणाल्या. "आता, इथे. पण एक अट. आधी प्रत्येकानं आपापली पॉलिसी उघडायची. वाचल्याशिवाय मत घेणार नाही."

सगळे हसले. मग बघितलं की बाई हसत नाहीयेत. मग एकेकानं फोन काढला. शिकलेसवरलेले आठ लोक माना खाली घालून आपलेच कागद शोधत होते. कोणाला पासवर्ड आठवेना. एकाच्या पॉलिसीवर सहा वर्षांपूर्वीचा पत्ता निघाला. देशपांडेंच्या पॉलिसीत व्यवसायापुढे 'विद्यार्थी' असं होतं. इथे शिकायला आले तेव्हा काढली होती, नंतर कोणी बघितलंच नाही. देशपांडेंना बावन्नावं चालू होतं.

"अभ्यास कसा चाललाय मग?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

सगळ्यांत शेवटी दादा. ते नुसतेच वर खाली बोट फिरवत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "अदिती, आपला रायडर कुठे आहे?"

"तूच घेतला होतास ना?"

"मला वाटलं तू घेतलास."

रायडर नव्हताच. कधीच नव्हता. इतके महिने दादा ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान करत होते ती त्यांच्याकडे नव्हतीच. हसू फुटू नये म्हणून सगळ्यांनी पाणी प्यायलं. देशपांडेंना मात्र ठसका लागला.

"असो," बाई म्हणाल्या. "या घरात अजून एक पॉलिसी आहे. तीही उघडा."

ताईंना आधी कळेना. मग कळलं. हेल्परसाठी मालकानं विमा काढावाच लागतो, परमिटच्या वेळी ताईंनी काढला होता, ईमेलवर आला होता, आणि तसाच न उघडता पडून होता. ताईंनी फोन बाईंकडे दिला. बाईंनी तो हातभर लांब धरला आणि एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इतक्या मोठ्यानं की समोरच्या माणसांसाठी त्याची काही गरज नव्हती. स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून ते होतं.

"घरात काम करणाऱ्या व्यक्तीला हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं, ऑपरेशन लागलं, तर विमा भरेल. ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर काही हिस्सा मालकाचा. आता त्या व्यक्तीचा हिस्सा किती लिहिला आहे ते मी पाहून राहिली. एकदा पाहिलं. दोनदा पाहिलं." बाईंनी फोन खाली केला. "कुठेच नाही."

मी दारात उभी होते. हातात कोथिंबीरवडीचं ताट.

"आता मत," बाई म्हणाल्या. "विधान असं. घरातल्या माणसानं दुखणं लपवून काम करत राहावं. पाच पर्याय. बोला."

"पूर्ण असहमत," ताई म्हणाल्या. दादा म्हणाले, "ऑफकोर्स असहमत, पूर्ण." एकेक करत सगळे म्हणाले. देशपांडे म्हणाले, "तटस्थ," तर बायकोनं चिमटा काढला, मग म्हणाले, "असहमत, असहमत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. त्यांचं तोंड शिवलेलंच होतं, फक्त त्यांनी घरातली सगळी दारं उघडून ठेवली होती आणि उंबरठ्यापाशी मी होते.

माझ्या तोंडून गेलं, "पण मग सगळ्यांचा प्रीमियम वाढेल ना?"

सगळे वळले.

"कशानं वाढेल?" ताई म्हणाल्या.

"मी ॲडमिट झाले तर. दादा म्हणाले होते ना, एकानं ॲडमिट व्हायचं आणि सगळ्यांचा वाढायचा. माझ्या पित्ताशयात खडे आहेत. बरेच आहेत म्हणाले डॉक्टर. ऑपरेशन लागणारे. पण मी अजून काढू शकते, दिवाळीपर्यंत काढेन, तोवर तुमच्या रायडरचं एकदा ठरू दे. मला परत पाठवू नका." आणि एवढं बोलून मी ताट पुढे केलं. "वडी घ्या, गार होईल."

कोणी वडी घेतली नाही. दादांचे कान लालभडक झाले होते. "शालन," ते म्हणाले, "अगं, ते बुफेचं... ते मी आमच्याबद्दल बोलत होतो गं. म्हणजे, कोणाबद्दल बोलत होतो देव जाणे. माझ्याकडे तर रायडरपण नाही."

ताईंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं. त्या घरात तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्या टेबलाशी पाहुण्यांसमोर बसले होते. "तीन महिने तू पुऱ्या तळतेयस," ताई म्हणाल्या, "आणि या बाई मला पित्ताशयाबद्दल मत विचारतात, आणि मी म्हणते चांगलं असावं!" त्या रडत होत्या की हसत होत्या मला सांगता येणार नाही. आरोही आतून धावत आली. "शालनमावशी गॉट स्टोन्स इनसाइड? कॅन आय सी?"

"तुझा विमा वेगळा, यांचा वेगळा," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या खड्यांनी यांचा हप्ता वाढत नाही. आणि वाढला तरी वाढू दे. माणूस आजारी पडते म्हणून तर विमा असते ना बाप्पा. आजारीच पडायचं नाही तर काय फोटो लावायचा त्याचा?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सगळेच बघायला लागले. आणि मग बाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. त्या घरात त्यांनी दिलेलं ते पहिलं मत.

पुढचं भराभर झालं. ताईंनी विमा कंपनीला फोन केले, पत्रं आणवली, दोन आठवड्यांत ऑपरेशनची तारीख मिळाली. परत पाठवायचा विषय कोणी काढला नाही. मीच रोज एकदा काढायचे, आणि ताई रोज "गप गं" म्हणायच्या.

हॉस्पिटलात माझ्यासोबत बाई आल्या. ताई निघाल्याच होत्या, पण बाईंनी रजा टाकली होती आणि ऐकेनात. नर्स फिलिपिनो होती, गोड होती. तिनं मला विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती? मी घाबरून बाईंकडे बघितलं. बाई पुढे झाल्या आणि दहा आकडे ही पद्धत कशी चुकीची आहे, सहा आणि सातमधला फरक दुखणाऱ्या माणसाला कसा सांगता येत नाही, पाचच कसे ठेवावेत, हे तिला समजावून सांगायला लागल्या. नर्सनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "सो, फाइव्ह?"

सहीच्या कागदावरची ओळ न् ओळ बाईंनी मला मराठीत सांगितली. सांगून झालं की "समजलं?" आणि मी मान हलवली तरी "काय समजलं, सांग." सातवीच्या वर्गातसुद्धा माझ्याकडून इतकं कोणी वदवून घेतलं नव्हतं. शेवटी मी इंग्रजीत सही केली. माझं नाव मला इतकं लांब कधी वाटलं नव्हतं.

मग नर्स हातात सुई घालायला आली. मी डोळे मिटले. टोचलं, झालं, विशेष काही नाही. डोळे उघडले तर बाई नाहीत. खाली बघितलं तर बाई जमिनीवर.

एक थेंब रक्त आलं होतं माझ्या हातावर. एकच. बावीस वर्षं हॉस्पिटलांच्या शेजारी काढली त्या बाईनं, हजारो लोकांच्या आजारपणाच्या गोष्टी ऐकल्या, पण सगळ्या कागदावर. नर्सनं आणि मी धरून त्यांना उचललं. दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्याच पलंगावर निजवलं. मी एका हातानं सलाइनचा खांब धरून उभी, दुसऱ्या हातानं सहीच्या कागदानं त्यांना वारा घालतेय. डॉक्टर आत आले, पलंगावर झोपलेल्या बाईंकडे बघितलं, माझ्या हिरव्या गाऊनकडे बघितलं. "विच वन पेशंट, आह?"

बाईंनी डोळे किलकिले केले. माझा हात घट्ट धरला. "शालन," पुटपुटल्या, "हे कोणाले सांगू नको वं. गुप्त ठेव."

त्याआधी माझ्या मनात आलं नव्हतं की या बाईला स्वतःला काही झालं तर हिच्या उशाशी कोण? मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि कधी नव्हे ते मला स्वतःची काळजी वाटायची थांबली. ऑपरेशनला मी हसतच गेले असं ताईंना नर्सनं सांगितलं. पिशवी गेली, खडे गेले. आरोहीनं बघायचा हट्ट धरला होता, पण डॉक्टरांनी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी, दोन आठवड्यांनी ओट्यापाशी.

मागच्या वर्षाअखेरीला बाई नोकरी सोडून नागपूरला गेल्या. तिथे त्यांच्या आईला आता एकटीनं राहणं जमत नव्हतं. आम्ही सगळे विमानतळावर गेलो होतो. पासपोर्ट तपासायची ती यंत्रं असतात ना, चेहरा दाखवायचा आणि दार उघडतं, तिथे चष्मा काढायला लावतात. काचेपलीकडून मला दिसत होतं. बाईंनी चष्मा काढला, दार उघडलं, पलीकडे गेल्या आणि चष्मा घालायचं विसरून मागे वळल्या. आम्ही हात हलवत होतो, पण त्यांना आम्ही कुठे दिसणार? त्यांनी भलत्याच बाजूला, एका तमिळ कुटुंबाकडे बघून हात हलवला. खूप वेळ हलवला. डोळे पुसले, परत हलवला. ती माणसं पहिल्यांदा गोंधळली. मग त्यातल्या आजींनी हात वर केला, मग मुलांनी, मग सगळ्यांनीच बाईंना हात हलवून निरोप दिला. बाई समाधानानं वळल्या आणि गेल्या.

तो निरोप खरं तर आमचा होता. पोचला नाही, म्हणून इथे लिहिते.

बाई, तुमच्या आईंना जपा, स्वतःलाही जपा. पण कधी तुमच्यावर दवाखान्यात जायची वेळ आली, सुई टोचायची वेळ आली, तर लपवू नका, पहिला फोन मला करा. माझी मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, ती नर्स होईल तेव्हा ती आहेच. पण ती नंतर. आधी मी येणार. रजा, परमिट, विमान, काय लागेल ते बघेन मी. कागदाची ओळ न् ओळ वाचेन, आणि रक्त दिसायच्या आत तुमचे डोळे माझ्या हातानं झाकेन. हे मी फेडणार आहे, बाई.